डिझायनर रग घ्यायचाय? आधी तो उलटा करून बघा

या वेळचं पत्र जरा लांब होतं, थोडं कापून देतेय.

«ताई, नवीन घरात येऊन चार महिने झाले, हॉल अजून रिकामाच आहे. फोनवर रोज डिझायनर रग बघून बघून वेड लागायची पाळी आलीये. एक फार आवडलाय, फिकट हस्तिदंती रंगाचा, 8 बाय 10 फूट, वर लाटांसारखी उठावाची नक्षी, ‘हँडमेड, बांबू सिल्क’ असं लिहिलंय. किंमत आमच्या बजेटच्या अडीचपट. नवरा म्हणतो पायाखाली घालायच्या वस्तूला एवढे पैसे? त्याने हुबेहूब तसाच दिसणारा मशीनचा शोधून काढलाय, किंमत एक-दशांश. तीन आठवडे झाले, यावरून आमच्यात नुसती धुसफूस चाललीये. मला सांगा, डिझायनर रग म्हणजे नक्की काय असतं, नावाचेच पैसे असतात का, आणि तसं नसेल तर नवऱ्याला कसं पटवू? घरात सहा वर्षांचा मुलगा आणि एक मांजर आहे. — हॉल रिकामा, डोकं भरलेलं»

अहो डोकं भरलेल्या बाई, आधी निकाल सांगून टाकते म्हणजे आजपासून धुसफूस बंद. तुमचा बांबू सिल्कवाला घेऊ नका आणि नवऱ्याने शोधलेला पण घेऊ नका. दोघं हरलात, बरोबरी झाली. आता का ते सांगते.

बांबू सिल्कमध्ये रेशीम नसतं. रेशमाचा किडा त्याच्या आसपास फिरकलेला पण नसतो. बांबूचा लगदा करून, तो रसायनात विरघळवून, बारीक छिद्रांतून दाबून त्याचा धागा काढतात, म्हणजे तो व्हिस्कोस. कधी आर्ट सिल्क म्हणतात, त्यातलं आर्ट म्हणजे कला नाही हं, आर्टिफिशियल. दिसायला मात्र काय सुंदर दिसतो, मान्य, खरंच सुंदर दिसतो, प्रकाश पडला की पाण्यासारखा चमकतो आणि फोनवरच्या फोटोत तर त्याच्यापुढे लोकर बिचारी गरीब वाटते. पण व्हिस्कोसला पाणी सोसत नाही. ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, तेवढ्यात तुम्ही घाबरून खसाखसा पुसलं की लव, म्हणजे वरचे उभे तंतू, कायमची विस्कटते, आणि नुसतं पाणी सांडून वाळलं तरी कडेने पिवळट वलय उरतं. आता तुमच्या घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. तो पाणी सांडणार नाही असं तुम्ही मला लिहून द्या, मग मी माझा सल्ला मागे घेते. हाच रग बेडरूममध्ये, जिथे अनवाणी दोन माणसं जातात-येतात, तिथे मी कदाचित हो म्हटलं असतं. हॉलमध्ये नाही.

दुसरं म्हणजे त्या वर्णनातला ‘हँडमेड’ हा शब्द. हा फार लबाड शब्द आहे, खोटा नाही, पण लबाड. एक प्रकार असतो टफ्टेड, म्हणजे कापड फ्रेमवर ताणून बसवतात आणि ड्रिलसारखी एक गन हातात धरून त्यातून धागा भराभर कापडात घुसवत जातात. हाताने केलं का? हो, गन हातातच होती. पण त्या धाग्याला कुठेही गाठ नसते, तो नुसता खोचलेला असतो, म्हणून मागून लेटेक्सचा गोंद थापतात आणि गोंद दिसू नये म्हणून वर अजून एक कापड चिकटवतात. दुसरा प्रकार हँड-नॉटेड, म्हणजे मागावर उभा ताणा लावलेला असतो आणि त्याच्या धाग्यांना एकेक गाठ मारत, ओळ झाली की आडवा बाणा टाकून ठोकून बसवत, असा खालून वर वाढत जाणारा गालिचा. आणि तिसरा विणलेला सपाट, ज्याला लव नसते, किलीम म्हणा, सतरंजीच्या जातीतला.

टफ्टेडची एक गोष्ट माझीच सांगते. खूप वर्षांपूर्वी एका दुकानातून मोठ्या हौसेने एक गालिचा घेतला, गर्द निळा, विकणाऱ्याने दहा वेळा सांगितलं मॅडम पूर्ण हँडमेड आहे, आणि मी पण मान डोलावली कारण मला काय माहीत. पाच-सहा वर्षांनी घर रंगवायला काढलं तेव्हा तो उचलला तर खाली फरशीवर पिवळट पीठ, बारीक, वाळूसारखं. मला वाटलं किडे लागले. किडे कसले, गोंद वाळून त्याचा भुगा होत होता आणि मागचं कापड एका कोपऱ्यात सुटून लोंबत होतं. उन्हात टाकला तर रबराचा वास काही केल्या जाईना. तेव्हा पहिल्यांदा मी एक गालिचा नीट उलटा करून पाहिला, आणि तो सुद्धा फेकायच्या आदल्या दिवशी.

म्हणून तुम्ही पहिली गोष्ट काय करायची तर कोपरा उचलायचा. समोर असेल तर हाताने, ऑनलाइन असेल तर विकणाऱ्याकडे पाठीचा फोटो मागायचा, जवळून, तिरक्या उजेडात. पाठीला जाड कापड चिकटवलेलं दिसलं तर तो टफ्टेड. पाठीवर समोरचीच नक्षी तशीच्या तशी, रंगांसकट, बारीक दाण्यांसारखी दिसली आणि ते दाणे जरा वाकडेतिकडे, एखाद्या ओळीत थोडे दाटलेले, एखाद्या ओळीत थोडे सुटे असतील तर तो गाठींचा. दाणे अगदी रेघेत, कवायतीला उभे केल्यासारखे असतील तर मशीन. कडेचे गोंडे पण बघा, गाठींच्या गालिच्यात गोंडे म्हणजे ताण्याचेच उरलेले धागे असतात, ते गालिच्यातून बाहेर येतात. नंतर शिवून लावलेली झालर असेल तर शिवण सापडतेच. आणि पाठीचा फोटो द्यायला कोणी टाळाटाळ केली तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

गाठींचा हिशोब एकदा करून बघा, म्हणजे किमतीचं थोडं कळेल. 8 बाय 10 म्हणजे 80 चौरस फूट, म्हणजे 11,520 चौरस इंच. चौरस इंचाला 100 गाठी धरल्या, आजकालच्या डिझाइनच्या गालिच्यांत ही काही फार बारीक वीण नाही, तरी 11 लाख 52 हजार गाठी होतात. एका माणसाने दिवसाला 6 हजार मारल्या असं धरा, 192 दिवस. तिघं एका मागावर शेजारी बसले तर 64. त्याच्याआधी लोकर पिंजणं-कातणं-रंगवणं, नंतर धुणं, ताणून सरळ करणं, लव कातरणं वेगळंच. हे नवऱ्याला वाचून दाखवा, पण टोमणा न मारता.

आता तुमचा खरा प्रश्न, डिझायनरचं त्यात काय. बऱ्याच जणांना वाटतं डिझायनर म्हणजे चित्र काढणारा, आणि मग चित्राचे एवढे पैसे कशाला. चित्रच असतं तर तुमचे मिस्टर शंभर टक्के बरोबर होते, चित्र छापता येतं. चांगला टेक्स्टाइल डिझायनर धागा काय करेल ते आधीच ओळखतो. माझी साधी कसोटी आहे, ही नक्षी तशीच्या तशी कागदावर छापली तर काही बिघडेल का? काहीच बिघडत नसेल तर ते डिझाइन कापडाचं नाहीच, ते वॉलपेपर आहे, चुकून जमिनीवर पडलंय.

अॅनी आल्बर्स या विणकाम करणाऱ्या डिझायनरचं एक काम मला यासाठी फार आवडतं. जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत ती 1922 ला गेली. तिथे मुलींना बहुतेक विणकामाच्या वर्कशॉपकडेच वळवायचे, तीही अशीच नाइलाजाने मागावर बसली. पुढे बर्नाऊमधल्या एका शाळेच्या सभागृहात आवाज घुमत होता, त्यासाठी तिने भिंतीला लावायचं कापड विणलं, मागून आवाज पिणारं शनील आणि समोरून सेलोफेन, म्हणजे तेच कापड आवाज शोषणार आणि उजेड परत फेकणार. त्यात फूल नाही पान नाही, नक्षी म्हणून दाखवायला काही नाही. न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमने 1949 ला तिचं एकटीचं प्रदर्शन भरवलं, विणकाम करणाऱ्या कलाकाराचं तिथलं ते पहिलंच. कापड डिझाइन करणं म्हणजे काय हे कोणी विचारलं की मी हेच कापड सांगते.

आत्ताच्या लोकांमध्ये बघायचं तर बार्सिलोनाची नानी मार्किना. 1987 ला तिने स्वतःच्या नावाची कंपनी काढली आणि बाहेरच्या डिझायनरांना गालिच्यांत आणलं. तिच्याकडचा लोसांज नावाचा एक किलीम आहे, फ्रान्सच्या बुरुलेक भावांनी 2011 ला केलेला. नुसत्या शंकरपाळ्यांसारख्या चौकटी, बस. ऐकायला काहीच नाही. पण लोकर हाताने कातलेली आहे, म्हणजे धागा कुठे जाड कुठे बारीक, तो रंग कुठे जास्त पितो कुठे कमी, त्यामुळे एकाच चौकटीत एकाच रंगाच्या चार छटा दिसतात. भावांनी काय केलं तर आकार इतके साधे ठेवले की लोकरीला बोलायला जागा राहील. छापून बघा हे, मेलेलं दिसेल. तिच्याच कंपनीचा एक बिसिक्लेता नावाचा आहे, सायकलच्या टाकाऊ ट्यूबा कापून केलेला, काळा, झिपऱ्या-झिपऱ्यांचा. मी घरात घालणार नाही, पण डोकं मात्र मानलं.

जर्मनीच्या बोखुममधला यान काथ जुन्या पारंपरिक गालिच्यांच्या नक्षी घेतो आणि मुद्दाम पुसट करतो, मधेच गायब, मधेच भाजल्यासारखं. गंमत अशी की ती झीज पण गाठ-गाठ मोजून विणलेली असते, म्हणजे नवीन वस्तूत शंभर वर्षं विणायची. त्याचं बरंचसं काम नेपाळमध्ये होतं, तिबेटी गाठीत. तिबेटी पद्धतीत धागा एका सळीवरून गुंडाळत नेतात आणि ओळ झाली की सळीच्या अंगाने सुरी फिरवतात, वेटोळी कापली जाऊन लव तयार. बाकूचा फाइग अहमेद अजून पुढे जातो, अझरबैजानी गालिच्याची नक्षी वरून नीट आणि खाली वितळून ओघळ गेल्यासारखी, पण ते भिंतीवर टांगायचं काम आहे, त्यावर सोफा ठेवायला कोणी देणार नाही.

आणि नावाचं म्हणाल तर मला सगळ्यात गोड वाटते ती एक अगदी बारकी गोष्ट. स्वीडनमध्ये बोस्टाड गावात मेर्ता मोस-फ्येटरस्ट्रॉम नावाच्या बाईने 1919 ला विणकामाचं वर्कशॉप काढलं. तिच्या गालिच्यांच्या कडेला ‘MMF’ अशी तिच्या नावाची अक्षरं विणलेली असायची. 1941 ला ती गेली, वर्कशॉप चालू राहिलं, आजही तिच्या नक्षी तिथे हाताने विणतात, पण त्यानंतरच्या गालिच्यांवर अक्षरांच्या आधी ‘AB’ म्हणजे कंपनी असं येतं. दोन अक्षरांवरून कळतं की बाई हयात असताना विणलाय की नंतर. नावाचे पैसे द्यायचेच तर नाव असं विणलेलं असावं, स्टिकरवर नको.

विणणाऱ्यांचं नाव बहुतेक वेळा कुठेच नसतं, तो दुखरा भाग आहेच. डिझायनर नकाशा पाठवतो, एक चौकट म्हणजे एक गाठ असा रंग भरलेला कागद, आणि विणणारे त्याप्रमाणे विणतात. याला एक छान अपवाद जयपूर रग्जचा मनचाहा उपक्रम, त्यात नकाशाच नसतो, विणणारे उरलेल्या धाग्यातून स्वतःच्या मनातली नक्षी थेट मागावर काढतात. त्यातले काही गालिचे नावाजलेल्या डिझायनरांच्या कामाशेजारी ठेवा, हे मी उगाच भावुक होऊन म्हणत नाहीये, रंगांचं धाडस बघा फक्त. घेताना पाठीवर गुडवीव्हचं लेबल आहे का तेही बघा, त्यावर नंबर असतो. बालमजुरी नाही याची तपासणी करणारी ही संस्था, कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने 1994 ला रगमार्क म्हणून सुरू झाली. लेबल नाही म्हणजे मुलांकडूनच विणून घेतलंय असं नाही, पण विचारायला काय जातं, कोणी विणला, कुठे विणला. दुकानदार अडखळला तर अडखळू दे.

आता तो मशीनचा हुबेहूब. मी मशीनच्या विरोधात अजिबात नाही, हे नवऱ्याला आवर्जून सांगा. विल्टन आणि अॅक्समिन्स्टर मागांवर उत्तम गालिचे निघतात आणि मशीनची ताकद ओळखून केलेलं डिझाइन असेल तर डोळे झाकून घ्या. पण तुमच्या मिस्टरांनी शोधलेला एक-दशांशवाला बहुधा छापील असणार. बोटांनी त्याची लव बाजूला करून मुळाशी बघा, रंग फक्त शेंड्याला आणि खाली पांढरं असेल तर वरून छापलाय, वर्षभर चालणं-फिरणं झालं की वाटेवाटेने पांढरी पायवाट उमटणार. आणि दुसरं, उठावाच्या नक्षीची नक्कल करताना बरेचदा सावल्या पण छापतात. म्हणजे खिडकी डावीकडे आणि गालिच्यातल्या लाटांची सावली पण डावीकडेच, असा प्रकार होतो. एकदा दिसलं की रोज दिसतं. मला तरी रोज दिसेल.

मग घ्यायचा काय? तुमच्या घरासाठी मी म्हणेन लोकर, आणि सपाट किलीम किंवा गाठींचा असेल तर आखूड लव. लोकरीला तिचं अंगचं मेण असतं, सांडलेलं पाणी लगेच आत जात नाही, थेंब थोडा वेळ वर थांबतो, तेवढ्यात तुम्ही फडकं टेकवून टिपून घ्यायचं, घासायचं नाही. दाबली गेलेली लव परत उभी राहते. नवीन लोकरीतून काही महिने बुरा पडतो, कचऱ्याच्या बॅगेत आख्खी मेंढी जमेल असं वाटतं, तो दोष नाही, फक्त व्हॅक्युमचा फिरता ब्रश बंद ठेवा. रंगात आडवे हलके पट्टे दिसले तर तक्रार करू नका, त्याला अब्राश म्हणतात, एका खेपेला रंगवलेला धागा संपून दुसऱ्या खेपेचा लागला की ते येतात. आणि घरी आणल्यावर रंग वेगळा वाटला तर घाबरायच्या आधी गालिचा अर्धा फिरवून ठेवा. लवेला दिशा असते, एका बाजूने फिकट, दुसऱ्या बाजूने गडद दिसतो, मी स्वतः एकदा परत पाठवायला निघाले होते आणि नुसता फिरवला तर तोच मला हवा असलेला रंग.

धाग्याची शंका असेल तर नमुन्याचे दोन-चार तंतू मागून घ्या आणि घरी सिंकमध्ये चिमट्यात धरून जाळून बघा. लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख बोटांत चुरगळते, व्हिस्कोस कागदासारखा भुर्रकन जळतो, पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. हे काम नवऱ्याकडे द्या. खरं सांगते, पटवायच्या भानगडीत पडूच नका, तुमचं लांबलचक भाषण ऐकून कोणाचं मत बदलत नाही, काम दिलं की बदलतं. कोपरे उलटे करणं, तंतू जाळणं, गाठी मोजणं, यात ज्याला किमतीचा राग येतो तो माणूस सगळ्यात जास्त रमतो असा माझा अनुभव आहे, पुढच्या महिन्यात तोच पाहुण्यांसमोर गालिचा उलटा करून दाखवत बसेल, मग मला दोष देऊ नका.

8 बाय 10 चं माप कसं ठरवलंत ते लिहिलं नाहीये. जमिनीवर कागदी चिकटपट्टीने तेवढा चौकोन आखा आणि दोन दिवस त्यात वावरा. सोफ्याचे निदान पुढचे पाय गालिच्यावर यायला हवेत, नाहीतर मधोमध बेट झाल्यासारखं दिसतं. पण तुमचा हॉल रिकामाच आहे, म्हणजे सोफाही नाही असं धरते, आणि हे तर उलट बरंच झालं. आधी गालिचा ठरवा, मग सोफ्याचं कापड, भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी. भिंतीच्या रंगाच्या हजार छटा मिळतात, गालिचा मनासारखा एखादाच मिळतो.

आणि बजेटच्या बाहेर जाऊन मोठं नाव घेण्यापेक्षा ते नाव लहान जागी आणा. बिननावाचा पण प्रामाणिक विणीचा लोकरी किलीम जमिनीवर, आणि सोफ्यावर किंवा दोन खुर्च्यांवर उत्तम डिझायनरचं कापड. डेन्मार्कच्या नाना डिट्झेलने 1965 ला केलेलं हालिंगडाल हे कापड आजही क्वाद्राट कंपनी विकते, सत्तर टक्के लोकर आणि तीस टक्के व्हिस्कोस. बघा, ज्या व्हिस्कोसला मी मघापासून शिव्या घालतेय तोच इथे आहे, पण इथे तो लोकरीच्या कुशीत आहे, टिकायचं काम लोकर करते आणि रंगाला झळाळी हा देतो. कापड घासून बघायची मार्टिनडेल म्हणून चाचणी असते, घरच्या रोजच्या सोफ्याला वीस-पंचवीस हजार घासण्या टिकणारं कापड चालतं, हालिंगडाल एक लाखाला टिकतं. डच डिझायनर हेला योंगेरियसने मॅहॅरम या कापड कंपनीसाठी 2002 ला रिपीट नावाचं कापड केलं, त्यात नक्षी पुन्हा यायला इतकं लांब अंतर आहे की त्याच थानातून सहा खुर्च्या मढवल्या तर सहाही वेगळ्या दिसतात. असं काही परवडलं तर एकाच खुर्चीपुरतं घ्या. नमुना घरी आणून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली बघा, दुकानातल्या उजेडात काहीही छान दिसतं.

पडदे करणार असाल तर उजेडाला रंग टिकण्याचा आकडा विचारा, 1 ते 8 असतो, 5 च्या खाली घेऊ नका. बाकी पडद्यांचं वेगळं पत्र पाठवा, तो विषय मोठा आहे.

राहिली मांजर. तिला वेटोळ्यांची लव, म्हणजे न कापलेली, लूपची, चुकूनही देऊ नका, नख अडकलं की एक धागा ओढत ओढत ती आख्खी ओळ उसवते आणि तिला वाटतं खेळच चाललाय. कापलेली आखूड लव किंवा घट्ट किलीम चालेल. तुम्ही निवडलेल्या दोन-तीन गालिच्यांचे नमुने मिळाले तर जमिनीवर शेजारी शेजारी टाकून ठेवा एक रात्र. सकाळी ज्याच्यावर केस जास्त असतील तो तिने घेतलाय. ज्याच्यावर ओरखडे असतील तो परत पाठवा, आणि पाठवायच्या आधी उलटा करून माझ्यासाठी एक फोटो काढा.